हातपाय उघडे, डास मोकळे

वाचक विचारतात

पावसाळा अर्ध्यावर आला की या सदराच्या टपालात एकच रड जास्त असते: घराबाहेर पाच मिनिटं बसलं तरी अंगाची चाळण होते, काहीतरी सांगा. मच्छरदाणी, खिडकीच्या जाळ्या, भिंतीतली लिक्विडची मशीन हा विषय पुन्हा कधीतरी घेऊ. या वेळी फक्त उघड्यावर, उघड्या कातडीला चावणाऱ्या जिवांबद्दलची पत्रं घेतली आहेत.

संध्याकाळी फिरायला जाताना मी न चुकता डासांचं क्रीम लावतो. सकाळी सात ते नऊ आम्ही निवृत्त मंडळी सोसायटीच्या बागेत बसतो, तेव्हा डास जाणवत नाहीत म्हणून लावत नाही. तरी गेल्या महिन्यात डेंग्यू झालाच. क्रीम बोगस म्हणायचं का?
(एक वाचक, कोथरूड, पुणे)

क्रीमला दोष देऊ नका, वेळ चुकली. डेंग्यू आणि चिकुनगुन्याचा एडिस इजिप्ती हा डास दिवसा चावतो. सूर्योदयानंतरचे दोन तास आणि सूर्यास्ताआधीचे दोन-तीन तास त्याच्या भराचे, म्हणजे नेमकी तुमची बैठकीची वेळ. काळा, पायांवर पांढरे पट्टे असलेला हा डास कानाशी गुणगुणत बसत नाही. बाकाखालच्या सावलीतून येतो, घोट्याला किंवा पोटरीच्या मागच्या बाजूला चावतो आणि हाकलला की पुन्हा येतो. अंधार पडल्यावर कानाशी वाजतो तो बहुतेक क्यूलेक्स. मलेरियाचा ॲनाफिलिसही रात्रीचाच. तुमचं संध्याकाळचं क्रीम या दोघांसाठी ठीक होतं, एडिसची सकाळ मात्र मोकळी राहिली.

डेंग्यू बागेतच झाला असं मात्र छातीठोकपणे म्हणता येणार नाही. एडिस घरातही, पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांमागे बसून असतो. पण एक गोष्ट नक्की: तो फार लांबून येत नाही. जिथे जन्मतो त्याच्या शे-दोनशे मीटरच्या आतच बहुतेक आयुष्य काढतो. तुम्हाला चावलेला डास तुमच्याच सोसायटीत पैदा झालेला असण्याची शक्यता मोठी. कुंडीखालच्या बशा, टाकीचं तुटकं झाकण, गच्चीवर पडलेला नारळाच्या झावळीचा खोलगट बुंधा, पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाण्याचं भांडं एवढं बघा. अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ओतायचं. नुसतं ओतून भागत नाही. अंडी पाण्यात नसतात, पाण्याच्या रेघेच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने तग धरतात. पुन्हा पाणी भरलं की फुटतात. तेव्हा काथ्याने आतली भिंत घासायची.

बैठकीपुरतं सांगायचं तर सकाळी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत क्रीम, पायात मोजे. घट्ट बसणाऱ्या पातळ मोज्यातून एडिसची सोंड आरपार जाते; मोजे जाड हवेत किंवा वरून सैल पायजमा हवा.

ट्यूबवर जेवढे तास लिहिलेत त्याच्या निम्मेही टिकत नाही. आम्ही लावण्यात चुकतो की कंपनी लिहिण्यात?
(एक शिक्षिका, भोर)

थोडं दोन्ही, पण लावण्यात जास्त. आधी हे औषध करतं काय ते बघू. डास मरत नाही आणि लांबही पळत नाही. कातडीवर औषधाचा पातळ थर असतो, त्यातून अगदी हळू वाफ निघत राहते आणि कातडीपासून जेमतेम काही सेंटिमीटरवर डासाची वास घेण्याची यंत्रणा गोंधळून जाते. तो जवळ येतो, घिरट्या घालतो, बसत नाही. म्हणून उजव्या हाताला लावलेलं क्रीम डाव्या हाताला वाचवत नाही. इतकंच काय, मनगटावर लावलं आणि कोपराजवळ दोन बोटांची पट्टी सुटली तर डास बरोबर ती पट्टी शोधतो. नेहमी सुटणाऱ्या जागा सांगतो: कानाच्या पाळीमागे, मानेवर केसांची रेघ संपते तिथे, घोट्याच्या हाडामागचा खळगा, सँडलच्या पट्ट्यांमधली बोटं, आणि साडी नेसणाऱ्यांची कमरेवरची उघडी पट्टी व ब्लाउजच्या मागच्या गळ्याखालची पाठ. शेवटच्या दोन जागी हात नीट पोचत नाही, घरच्या कुणाकडून लावून घ्यावं.

आता माप. अशा औषधांच्या चाचण्यांमध्ये सुमारे ६०० चौरस सेंटिमीटर कातडीला, म्हणजे मोठ्या माणसाच्या मनगटापासून कोपरापर्यंतच्या एका हाताला, १ मिलिलिटर औषध लावतात. आपण काय करतो? वाटाण्याएवढं क्रीम घेऊन दोन्ही हातांना पुसतो. ते पाव-अर्धा मिलिलिटरसुद्धा नसतं. दोन्ही हात कोपरापर्यंत, दोन्ही पाय गुडघ्यापासून खाली, मान आणि कान एवढं उघडं असेल तर ७ मिलिलिटरच्या आसपास लागतं. घरातला चहाचा चमचा साधारण दीड. या हिशेबाने ५० ग्रॅमची ट्यूब सात वेळा पुरते. ती तुम्हाला महिनाभर पुरत असेल तर का टिकत नाही याचं उत्तर तिथेच आहे.

लावायची रीत अशी. घाम पुसून कातडी कोरडी करा. तळहातावर न घेता क्रीमची रेघ थेट पोटरीवर किंवा हातावर ओढा, कारण तळहातावर घेतलं की बरंच तळहातालाच लागून राहतं. चोळून जिरवू नका. सगळीकडे सारखा ओलसर थर दिसेल इतपत पसरा आणि दोन मिनिटं वाळू द्या. स्प्रे असेल तर १५-२० सेंटिमीटरवरून मारून हाताने पसरा, कारण स्प्रेचे थेंब ठिपक्यांनी बसतात आणि मधल्या जागा रिकाम्या राहतात. चेहऱ्यावर स्प्रे थेट नको. तळव्यावर घेऊन गालाला, कपाळाला लावा, डोळे-ओठ सोडा. कपड्याखालच्या कातडीला लावायची गरज नाही. जखम, खरचटलेलं, नुकतं दाढी केलेलं असेल तिथेही नको.

टक्केवारीचा अर्थही बऱ्याच जणांना उलटा कळतो. जास्त टक्के म्हणजे जास्त जोर नव्हे, जास्त वेळ. डीट हे जगभर सर्वांत तपासलेलं औषध. १९४४ मध्ये अमेरिकी लष्करासाठी शोधलं, १९५७ पासून सामान्यांना मिळू लागलं. १० टक्क्यांचं डीट साधारण दोन तास, २५-३० टक्क्यांचं पाच तासांच्या आसपास. ५० टक्क्यांच्या वर गेलं की वेळ फारसा वाढत नाही, कातडीची आग मात्र वाढते. आयकॅरिडिन हे दुसरं औषध २० टक्के असेल तर डीटच्या तोडीस तोड, शिवाय चिकट नाही. आपल्याकडच्या सर्वांत खपाच्या क्रीममध्ये डायएथिल बेन्झामाइड १२ टक्के असतं. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात हे घटक आणि टक्के छापलेले असतात. पुढच्या बाजूच्या जाहिरातीऐवजी ते वाचून घ्या.

आणि छापलेले तास हे घाम न येणाऱ्या, हात न पुसणाऱ्या माणसाचे असतात. तापमान १० अंशांनी वाढलं तर टिकण्याचा वेळ निम्म्यापर्यंत येऊ शकतो. त्यात घाम, पाऊस, कमरेच्या रुमालाने पुसलेली मान. भोरच्या पावसात मुलांना घेऊन फिरत असाल तर छापलेल्या तासांचे निम्मे धरा, आणि पहिला डास बसला की घड्याळ न बघता पुन्हा लावा.

डीट वापरत असाल तर एक सावधगिरी. ते प्लास्टिक विरघळवतं. चष्म्याची काडी, घड्याळाची काच, गाडीच्या सीटचं रेक्झिन, नखांचं पॉलिश यांवर डाग पडतात. सुती, लोकरी कपड्याला काही होत नाही. लावल्यावर हाताचे तळवे धुऊन मगच मोबाइल हातात घ्यावा.

खोबरेल तेलात कापूर, कडुनिंबाचं तेल, सिट्रोनेला, मनगटाची पट्टी, मोबाइलमधलं डास पळवण्याचं ॲप. यांतलं खरं कोणतं?
(एक वाचक, परभणी)

उलट्या क्रमाने घेऊ. ॲप आणि आवाज करणारी यंत्रं: शून्य. मनगटाच्या पट्ट्या: शून्यापेक्षा किंचित जास्त, तेही पट्टीखालच्या मनगटापुरतं, कारण वर सांगितलंच. २००२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या तुलनेत जवळजवळ २४ टक्क्यांच्या डीटने सरासरी पाच तास एडिस रोखला, तर सिट्रोनेलाच्या तेलांनी वीस मिनिटांच्या आत हात टेकले. पट्ट्यांची तर मिनिटंही मोजण्यासारखी नव्हती. सिट्रोनेला खोटं नाही, पण ते भराभर उडून जातं. दर अर्ध्या तासाला लावायची तयारी असेल तर लावा.

कडुनिंबाच्या तेलाचं जरा वेगळं आहे. खोबरेलात २ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये २ मिलिलिटर, निंबोळीचं तेल मिसळून भारतातल्या मलेरिया संशोधकांनी १९९०च्या दशकात चाचण्या घेतल्या. ॲनाफिलिसपासून चांगलं संरक्षण मिळालं होतं. रात्री शेतावर राखणीला जाणाऱ्याला ते कामाचं आहे. दिवसाच्या एडिससाठी त्यावर विसंबू नये. टक्के वाढवले म्हणजे गुण वाढतो असं नाही, वास आणि खाज मात्र वाढते. आधी कोपराच्या आत थेंबभर लावून एक दिवस बघा.

कापराच्या तेलाबद्दल आमचं मत कडक आहे: लहान मूल असलेल्या घरात नको. कापूर झटपट उडतो, तेव्हा फायदा थोडा. आणि मुलाने बोटं चाटली, बाटली तोंडाला लावली तर थोडाही कापूर पोटात जाऊन झटके येऊ शकतात. ‘भीमसेनी’ असला तरी मुलाच्या पोटात तो कापूरच.

सनस्क्रीन आधी की डासांचं क्रीम आधी?
(एक सायकलस्वार, नाशिक)

सनस्क्रीन आधी, १५-२० मिनिटं मुरू द्यायचं, मग वर डासांचं. उलट केलं तर वाफ दाबली जाते. डीटमुळे सनस्क्रीनची ताकद सुमारे एक तृतीयांश कमी होते, म्हणून सनस्क्रीन जरा वरच्या क्रमांकाचं घ्या. दोन्ही एकाच ट्यूबमध्ये असलेलं घेऊ नका. सनस्क्रीन दर दोन तासांनी लावावं लागतं आणि त्याच्याबरोबर डासांचं औषध विनाकारण अंगावर चढत राहतं.

आमचं बाळ पाच महिन्यांचं आहे. गावच्या जत्रेला रात्री उघड्यावर थांबावं लागणार. त्याला क्रीम लावलं तर चालेल का? आईने लावलं तर?
(एक आई, सातारा)

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला कोणतंही क्रीम नाही. तुमचं बाळ त्यापुढे गेलं आहे, तरी पहिला भर जाळीवर द्या. झोळी, पाळणा किंवा बाबागाडीवर कडेला इलॅस्टिक असलेली मच्छरदाणी टाका; जाळी बाळाच्या अंगाला टेकणार नाही इतकी उंच हवी, कारण टेकलेल्या जागी डास जाळीबाहेरून चावतो. अंगात सैल, पूर्ण बाह्यांचं सुती झबलं आणि पायमोजे.

क्रीम लावायचंच झालं तर कमी टक्क्यांचं, बालरोगतज्ज्ञांना विचारून, दिवसातून एकदा आणि थोड्याच जागी. मोठ्या माणसाने स्वतःच्या हातावर घेऊन बाळाला लावायचं. बाळाच्या हातांना मुळीच नाही, ते तोंडात जातात. घरी आल्यावर कोमट पाण्याने धुऊन टाका. निलगिरी-लिंबाच्या तेलाचं, म्हणजे पीएमडी असलेलं औषध तीन वर्षांखालच्या मुलांना लावत नाहीत. ‘नैसर्गिक’ लिहिलेलं असल्यामुळे लोक नेमकं तेच बाळासाठी घेतात. तुम्ही स्वतः लावायला हरकत नाही, फक्त छातीला आणि बाळ जिथे तोंड लावेल तिथे नको. पाठीवर, खांद्याला, केसांच्या खाली लावा.

आम्ही काजूच्या बागेत फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत बोंडं गोळा करतो. माकडतापाच्या भीतीने बायका यायला तयार नाहीत. डासांचं क्रीम गोचिडीला चालतं का?
(एक बागायतदार, दोडामार्ग)

चालतं, पण एकट्यावर भिस्त ठेवू नका. पत्र महत्त्वाचं आहे म्हणून जरा सविस्तर.

माकडताप, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात ओळखला गेला. गोव्यात सत्तरीतल्या पाली गावात २०१५ मध्ये आणि तुमच्या दोडामार्ग भागात २०१६ पासून रुग्ण सापडले. विषाणू पसरवते ती गोचिडीची पिल्लावस्था. ती तिळाएवढी असते, पातेऱ्यात, म्हणजे खाली पडलेल्या वाळक्या पानांच्या थरात, आणि गवताच्या टोकावर बसून राहते, आणि अंगाला घासून जाणाऱ्या माणसाला किंवा जनावराला चिकटते. ती उडत नाही, उडी मारत नाही, झाडावरून टपकत नाही. खालून वर चढते. सगळा बंदोबस्त या एका गोष्टीवर रचायचा. तिचा भर थंडी संपता संपता ते उन्हाळा, म्हणजे बरोबर तुमच्या काजूचा हंगाम.

पायापासून सुरुवात करा. फिकट रंगाचे कपडे, त्यावर गोचीड दिसते. पँटचे पाय मोज्यात खोचायचे. मोज्याच्या वरच्या कडेवर आणि बुटावर औषध लावायचं. साडी नेसणाऱ्या बायकांनी आत पायघोळ लेगिंग घालून तिचे पाय मोज्यात घालावेत. साडीचा घोळ पातेऱ्यावरून फिरतो आणि नुसती साडी म्हणजे गोचिडीला शिडीच. उघड्या हातापायांना डीट किंवा डेपा. डेपा हे ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेत विकसित झालेलं भारतीय औषध. माकडतापाच्या गावांत आरोग्य खात्याकडून अंगाला लावायचं तेल मिळतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात हंगामाआधीच मागणी नोंदवा. दुपारी घामाने ते उतरतं, जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्यांदा लावलंच पाहिजे. आणि जेवायला पातेऱ्यावर बसायचं नाही. प्लास्टिकचा ताडपत्रीचा तुकडा न्या, झटकून बसा.

गोठ्यात अंथरायला बागेतला पातेरा आणण्याची पद्धत या काळात बंद ठेवा. त्यातून गोचीड घरापर्यंत येते.

घरी आल्यावर कपडे उंबऱ्याबाहेरच काढून कढत पाण्यात टाका, साबणाने आंघोळ करा आणि एकमेकांचं अंग तपासा: काखा, जांघा, गुडघ्यामागे, बेंबी, कमरेच्या नाडीखाली, कानामागे, केसांत. चिकटलेली दिसली तर टोकदार चिमट्याने कातडीला अगदी लागून, म्हणजे तिच्या तोंडापाशी पकडा आणि सरळ वर, एका संथ ओढीने काढा. पिळू नका, पोट दाबू नका. रॉकेल, चुना, पेटती उदबत्ती यांनी ती सुटण्याआधी आतला द्रव जखमेत ओकण्याचा धोका असतो. नंतर जागा साबणाने धुवा.

जंगलात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका. मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आजूबाजूला पसरतात. आरोग्य किंवा वन खात्याला कळवा. आणि बागेत गेल्यापासून आठवडाभरात अचानक जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी आली तर डॉक्टरांना “काजूत गेलो होतो” हे पहिल्या वाक्यात सांगा.

पावसात वासोट्याला जायचं आहे. जळवांना डासांचं क्रीम लागू पडतं का?
(एक ट्रेकर, ठाणे)

जळू कीटक नाही, गांडुळाच्या गोत्यातली आहे, पण प्रश्न रास्त. बुटावर आणि मोज्यावर लावलेलं डीट तिला नकोसं होतं, फक्त ओल्या गवतात ते तासाभरात धुतलं जातं. गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे जळूमोजे त्याहून भरवशाचे. चिकटली तर मीठ, तंबाखू टाकू नका. ती जखमेत ओकते. बारीक टोकाकडे, जिथे तोंड असतं, कातडीवरून नख सरकवून पकड सोडवा, मग जाड टोक. रक्त बराच वेळ वाहतं, कारण ती ते गोठू देत नाही. स्वच्छ कापडाने पंधरा मिनिटं दाबून धरा. वरचेवर उघडून बघू नका.

गोठ्यात काम करताना गोमाश्या शर्टावरूनही चावतात. शेजारी पिकावर मारायचं औषध पाण्यात घालून कपड्यांवर मारतो, त्याला गुण येतो म्हणतो.
(एक शेतकरी, जुन्नर)

शेजाऱ्यांना आजच थांबवा. पिकावरचं औषध कपड्यावर मारलं की घामाबरोबर दिवसभर कातडीतून आत जात राहतं. डोकेदुखी, मळमळ, हातापायांना मुंग्या यांकडे लोक उन्हाचा त्रास म्हणून बघतात. कपड्यांवर वापरण्यासाठी जगभर मान्य आहे ते परमेथ्रिन, तेही ०.५ टक्का, कपड्यांसाठी म्हणूनच बनवलेलं. ते अंगातून काढलेल्या कपड्यावर, उघड्या हवेत मारून पूर्ण वाळवायचं. कातडीवर कधीच नाही. गोठ्यात मांजर असेल तर ओले कपडे तिच्यापासून दूर. मांजराला ते विषारी आहे.

गोमाशी सोंड टोचत नाही, पात्याने कापते आणि साचलेलं रक्त चाटते, म्हणून चावा इतका झोंबतो. ती मुख्यतः नजरेने शिकार शोधते: गडद, मोठं, हलणारं, गरम अंग. त्यामुळे डासांच्या क्रीमला ती फारशी दाद देत नाही. पांढरा किंवा खाकी, जाड आणि सैल पूर्ण बाह्यांचा सदरा, गळ्यात पंचा. गडद निळा किंवा काळा टी-शर्ट म्हणजे आमंत्रण. कडक उन्हात, वारा पडलेला असताना तिचा जोर असतो. बाहेरची धार-वैरण उन्हं चढायच्या आत उरका.

संध्याकाळी अंगणात खुर्च्या टाकून बसतो. चार कोपऱ्यांत चार कॉइल लावतो, धुराने आम्हीच उठतो, डास बसून राहतात.
(एक वाचक, अकोला)

कॉइल सोडा, पंखा आणा. डास उडण्यात कच्चा आहे, ताशी दोन-तीन किलोमीटर. साध्या टेबलफॅनचा वारा त्याला पेलवत नाही, शिवाय आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाचा वास, ज्यांच्या मागावर तो येतो, तेही विखरून जातात. चूक होते ती पंखा चेहऱ्यावर रोखण्यात. चावे पायांना होतात. पंखा बुटक्या स्टुलावर, खुर्च्यांपासून दीड-दोन मीटरवर, गुडघ्याखाली वारा लागेल असा ठेवा. चौघे गोल बसत असाल तर दोन पंखे समोरासमोर नकोत, एकाच दिशेने हवेत.

कॉइल उघड्यावर लावायचीच तर वारा जिकडून येतो तिकडे, जमिनीलगत. चार कोपरे पूजेला ठीक. बंद खोलीत तर नकोच: एक कॉइल जळताना निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराएवढे भरतात, असं मोजलेलं आहे. कडुनिंबाच्या पाल्याच्या धुरीने डास कमी होतात, पण फुप्फुसांना तो धूरही धूरच. दिवा डोक्यावर न ठेवता दूर, पिवळसर प्रकाशाचा लावा. त्याने पाकोळ्या आणि चिलटं कमी होतील, डास फारसे नाहीत.

मुलगी टोरांटोला असते. मे-जूनमध्ये तिच्याकडे जाऊन उत्तरेकडे तळ्याकाठी आठवडा काढायचा आहे. तिथल्या काळ्या माश्यांबद्दल ऐकून धसका घेतला आहे.
(एक आजी-आजोबा, डोंबिवली)

त्या ब्लॅकफ्लाय. डास साचलेल्या पाण्यात होतात, या वाहत्या ओढ्यात. मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत त्यांचा कहर असतो. तारखा जुलैनंतरच्या घेता आल्या तर निम्मा प्रश्न सुटला. दिवसा चावतात, घरात आणि रात्री नाही. केसांच्या रेषेशी, कानामागे, बाहीच्या आत सरपटत जाऊन चावतात; लगेच दुखत नाही, नंतर रक्ताचा थेंब दिसतो आणि आठवडाभर सुजतं. आजोबा, गडद निळा शर्ट घरी ठेवा. फिकट रंगाचे, मनगटाला इलॅस्टिक असलेले कपडे आणि टोपीवरून गळ्यापर्यंत येणारी जाळी घ्या. ती तिथे कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. क्रीम इथून नेऊ नका. कॅनडात मोठ्यांसाठी ३० टक्क्यांपर्यंत डीट आणि २० टक्के आयकॅरिडिन सहज मिळतं. नातवंडं बारा वर्षांखालची असतील तर त्यांना १० टक्क्यांच्या पुढचं डीट लावायचं नाही, असा तिथला नियम आहे. गवतातून फिरून आल्यावर दोडामार्गच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे अंग तपासा. तिथे गोचिडीपासून लाइम रोग होतो.

मला नवऱ्यापेक्षा जास्त डास चावतात. सगळे म्हणतात रक्त गोड आहे.
(एक वाचक, बेळगाव)

रक्तातल्या साखरेचा संबंध नाही, डासाला चावण्याआधी ती कळतही नाही. फरक कातडीच्या वासाचा. २०२२ मध्ये ‘सेल’ या विज्ञानपत्रिकेत आलेल्या कामात, ज्यांच्या कातडीवर कार्बोक्सिलिक आम्लं जास्त त्यांच्याकडे एडिस जास्त ओढले गेले, आणि हा फरक वर्षानुवर्षं टिकून राहिला. साबण बदलून जात नाही. गरोदरपणातही डास जास्त चावतात, तेव्हा डीट लेबलनुसार लावता येतं. बाकी उपाय नवऱ्याला जो तोच तुम्हाला, फक्त तुम्ही सुटलेल्या जागा जास्त नीट बघा.

गेल्या वर्षीची अर्धी ट्यूब उरली आहे. वापरू का?
(एक वाचक, लातूर)

मुदत बघा. मुदतीत असेल आणि झाकण घट्ट असेल तर वापरा. दाबल्यावर आधी पाणी आणि मग घट्ट गोळा येत असेल, किंवा उन्हाळाभर गाडीच्या डिकीत तापली असेल, तर ती टाकून नवी आणा.